‘पहिल्यापासूनच तशी’

लंडनच्या टॉवर या जुन्या किल्ल्यातल्या हिरवळीवर काचेची एक उशी ठेवलेली आहे. या आवारात ज्यांना ठार केलं गेलं त्यांचं हे स्मारक २००६ साली बसवलं गेलं. भोवती कोरलेल्या नावांत दोन राण्या अशा आहेत की त्यांना राणी म्हणताना जीभ अडखळावी. नऊ दिवसांची राणी जेन ग्रे, १२ फेब्रुवारी १५५४. कॅथरीन हॉवर्ड, १३ फेब्रुवारी १५४२. दोघींच्या मरणात बारा वर्षांचं अंतर, त्यात एक दिवस कमी. आवार तेच, आरोपाचं नाव तेच, राजद्रोह.

जेन सोळा-सतरा वर्षांची होती. कॅथरीनचं वय नक्की सांगता येत नाही, कारण तिच्या जन्माची नोंदच नाही. ड्यूकच्या घराण्यातली मुलगी, पण धाकट्या मुलाची मुलगी. तारीख लिहून ठेवण्याइतकं तिचं महत्त्व तेव्हा नव्हतं. १५२० ते १५२५ यांच्या मधलं कुठलं तरी साल धरतात. म्हणजे राणी झाली तेव्हा ती विशीच्या आतच असावी.

आठवण मात्र दोघींची सारखी राहिली नाही. जेनच्या वाट्याला हुतात्म्याचं आसन आलं. प्रॉटेस्टंट चरित्रकारांनी तिला धर्मासाठी मेलेली म्हणून डोक्यावर घेतलं. पुढं १८३३ मध्ये देलारोश या फ्रेंच चित्रकारानं तिला पांढऱ्याशुभ्र वस्त्रात, डोळे बांधलेल्या अवस्थेत, मान ठेवायचा ओंडका चाचपडताना रंगवलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्या चित्रापुढं लोक अजूनही थबकतात. चित्रात तिला बंद, अंधाऱ्या दालनात मारताना दाखवलंय. प्रत्यक्षात तिला मारलं उघड्यावर आणि तिचे कपडे होते काळे. पण काळ्या कपड्यातलं निष्पापपण रंगवायला अवघड, म्हणून पांढरे.

कॅथरीनच्या वाट्याला आलं चावडीवरचं बोलणं. हेन्री आठव्याच्या सहा बायकांपैकी पाचवी, ती उथळ, नादान, नवऱ्याला फसवणारी. मराठीत यासाठी दोनच शब्द पुरतात: ‘पहिल्यापासूनच तशी’. एखादीबद्दल एवढं म्हटलं की पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं.

मला म्हणायचंय ते असं. १५४२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या संसदेनं हे दोन शब्द अक्षरशः कायद्यात घातले. आणि कॅथरीन दोषी होती की निर्दोष, यावर आपण आजही वाद घालतो तेव्हा त्याच कायद्यानं आखलेल्या रिंगणात उभे असतो, तिच्या बाजूनं बोलत असलो तरीही.

तिचा बाप लॉर्ड एडमंड हॉवर्ड. नाव मोठं आणि डोक्यावर कायम कर्ज. आई ती लहान असतानाच गेली. मुलीला सावत्र आजीकडं, नॉरफोकच्या विधवा डचेसकडं पाठवलं. ससेक्समधलं चेसवर्थ आणि लंडनला नदीपलीकडचं लॅम्बेथ, अशा दोन घरांत ती वाढली. तेव्हाच्या बड्या घरांत नात्यागोत्यातल्या मुली अशा ठेवून घ्यायची रीत होती. रीतभात शिकतील, ओळखी होतील, लग्न जमेल. प्रत्यक्षात या घरात मुली एका मोठ्या खोलीत ओळीनं झोपत. रात्री खोलीला कुलूप असे, पण किल्ली चोरली जाई. तरुण पुरुष वाइन, सफरचंदं, स्ट्रॉबेऱ्या घेऊन येत आणि पहाटेपर्यंत थांबत. म्हातारीला यातलं काही कळत नव्हतं असं नाही. एकदा संगीतशिक्षक हेन्री मॅनॉक्सच्या मिठीत कॅथरीन दिसली तेव्हा डचेसनं तिला तडाखे दिले आणि दोघांनी पुन्हा एकटं भेटायचं नाही अशी ताकीद दिली. पण भेटी काही थांबल्या नाहीत.

हे १५३६ च्या सुमाराचं. कॅथरीन तेव्हा बारा-तेरा, फार तर पंधरा-सोळा वर्षांची. काही वर्षांनी चौकशीत तिनं मॅनॉक्सबद्दल लेखी जबाब दिला. त्याच्या गोड बोलण्याला आपण भुललो, आपण तेव्हा लहान मुलगी होतो, असं सांगून ती पुढं म्हणते की ते होऊ देणं मला शोभणारं नव्हतं आणि ते मागणं त्याला शोभणारं नव्हतं. हॉवर्ड घराण्यातल्या कोणाचंही तिच्याबद्दलचं इतकं नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही. दोष तिनं दोन्हीकडं ठेवला. पुढं ज्यांनी तिचा न्याय केला त्यांनी एकच बाजू ऐकली.

नंतर फ्रान्सिस डेरहम आला. डचेसच्याच पदरचा माणूस. हे प्रकरण वेगळं होतं. दोघं एकमेकांना नवरा-बायको म्हणत, चारचौघांत म्हणत. आयर्लंडला जाताना त्यानं शंभर पौंड तिच्याकडं ठेवायला दिले. त्या काळच्या चर्चच्या नियमानं असा शब्द दिला-घेतला आणि संबंधही आले की ते लग्नच धरत. मॅनॉक्सला हे पाहवेना. त्यानं डचेसच्या प्रार्थनेच्या बाकावर निनावी चिठ्ठी ठेवली. चुगली करणारा तोच.

१५३९ च्या शेवटी कॅथरीनला राजाची चौथी राणी ॲन ऑफ क्लीव्ह्ज हिच्या तैनातीत जागा मिळाली. राजाला नवी बायको पाहता क्षणी नावडली होती. आणि चुलता, नॉरफोकचा ड्यूक, राजाचं लक्ष कुठं जातंय हे पाहायला टपलेलाच होता. जुलै १५४० मध्ये चौथं लग्न रद्द झालं. २८ जुलैला सरेमधल्या ओटलंड्स महालात पाचवं लागलं. त्याच दिवशी टॉवर हिलवर राजाचा मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल याचं डोकं उडवलं गेलं. क्रॉमवेललाही खटला मिळाला नव्हता, संसदेच्या ठरावानंच तो दोषी ठरला होता. ही पद्धत वापरण्यात तो स्वतः वाकबगार होता, हा काव्यात्म न्याय की काय ते ज्यानं त्यानं ठरवावं.

राजा ४९ वर्षांचा. पायाला वाहती जखम. त्याच साली बनवलेल्या त्याच्या चिलखताचा कंबरघेर पन्नास इंचांच्या वर जातो. नव्या राणीनं ब्रीदवाक्य घेतलं फ्रेंचमधलं: त्याच्या इच्छेवाचून दुसरी इच्छा नाही. ते तिनं स्वतः निवडलं की कोणी सुचवलं, देव जाणे. पण या विवाहात संमती नावाची गोष्ट कुठं बसते, याचं उत्तर त्या एका ओळीत पुरेसं आहे.

राणी म्हणून तिच्याकडून फार काही झालं नाही. सोळा महिन्यांत होणार काय? दोन गोष्टी मात्र नोंदवाव्यात. टॉवरमध्ये कुडकुडत असलेल्या सॅलिस्बरीच्या काउंटेससाठी, म्हणजे सदुसष्ट वर्षांच्या मार्गारेट पोलसाठी, तिनं उबदार कपडे करवून पाठवले. आणि कैदेतल्या कवी थॉमस वायटच्या सुटकेसाठी राजाकडं शब्द टाकला. वायट सुटला. म्हाताऱ्या पोलला दोन-तीन महिन्यांनी मारलं. उथळ म्हणून जिची ओळख दिली जाते, तिची ही नोंद त्या ओळखीत कुठंच बसत नाही, म्हणून ती बहुधा गाळली जाते.

आता थॉमस कल्पेपर. राजाच्या अंतर्गृहातला देखणा, लाडका नोकर. १५४१ च्या उन्हाळ्यात राजाची स्वारी उत्तरेत गेली. लिंकन, पॉन्टिफ्रॅक्ट, यॉर्क अशा मुक्कामांवर राणी त्याला रात्री मागच्या जिन्यानं भेटत राहिली. सोबतीला लेडी रॉचफर्ड. व्यभिचाराच्या आरोपाखाली मारली गेलेली हेन्रीची दुसरी राणी ॲन बुलिन, तिच्या भावाची ही विधवा, जिनं असल्या प्रकरणांचा शेवट डोळ्यांनी पाहिला होता. कॅथरीनचं एकच पत्र उरलंय आणि ते कल्पेपरला लिहिलेलं आहे. तो आजारी असल्याचं ऐकून जीव कासावीस झाल्याचं ती सांगते, सतत तुझ्याजवळ राहता येत नाही या विचारानं काळीज मरतं म्हणते, आणि शेवटी सही करते: आयुष्य असेतो तुझी. अक्षर वेडंवाकडं आहे. आपल्याला लिहायला किती कष्ट पडतात हेही तिनं त्यात लिहिलंय.

सगळं फुटलं ते कल्पेपरमुळं नव्हे. जॉन लॅसेल्स नावाच्या गृहस्थानं बहिणीला सुचवलं, तू डचेसच्या घरी होतीस, राणीकडं नोकरी का मागत नाहीस? बहीण म्हणाली, राणीची मला कीव येते. का, तर तिची वागणूक हलकी आणि स्वभावही हलका. झालं. पहिल्यापासूनच तशी. आर्चबिशप क्रॅनमरनं ही हकीकत कागदावर लिहिली आणि २ नोव्हेंबरला हॅम्प्टन कोर्टमध्ये प्रार्थनेच्या वेळी राजाच्या हाती दिली. आदल्याच दिवशी राजानं अशी पत्नी दिल्याबद्दल देवाचे जाहीर आभार मानले होते.

क्रॅनमर तिच्याकडं गेला तेव्हा तिची अवस्था कोणाच्याही काळजाला पाझर फोडणारी होती, असं त्यानंच राजाला कळवलं. त्याला डेरहमशी शब्द दिला-घेतला होता का, हे जाणून घ्यायचं होतं. तिनं ‘हो’ म्हटलं असतं तर राजाशी झालेलं लग्न मुळातच रद्द ठरलं असतं, आणि जे लग्नच नाही त्यात व्यभिचार कुठला? कदाचित ती वाचली असती. तिनं ठासून ‘नाही’ म्हटलं. कायदा समजावून सांगणारं एकही माणूस तिच्या बाजूला नव्हतं, आणि ज्याला राणीपद टिकवायचंय त्याला ‘नाही’ हेच उत्तर सुचणार.

डिसेंबरात डेरहम आणि कल्पेपर यांच्यावर गिल्डहॉलमध्ये खटला चालला. १० डिसेंबरला दोघं लंडनच्या टायबर्न या वधस्थळी मेले. कल्पेपरचं डोकं उडवलं, डेरहमला फासावर चढवून, खाली काढून, चिरून. आरोपपत्रातली भाषा वाचण्यासारखी आहे. लग्नाआधी राणी सामान्य वेश्येप्रमाणं जगली, हे पहिलं. अशा बाईनं जुन्या माणसाला, डेरहमला, पुन्हा नोकरीत घेतलं, त्या अर्थी तिचा बेत जुनंच आयुष्य पुढं चालू ठेवण्याचा होता, हे दुसरं. राणी झाल्यावर डेरहमशी काही घडलं याचा पुरावा नव्हताच. कल्पेपरनंही फक्त इच्छा होती, दोघांचीही होती, एवढंच कबूल केलं. प्रत्यक्ष संबंध दोघांनीही नाकारले. म्हणजे पुरावा असा: ती पूर्वी तशी होती, म्हणून आताही तिच्या मनात तेच असणार.

इथं एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. राजाच्या बायकोचं शील हा तिचा खासगी मामला नव्हता. गादीवर कोणाचं रक्त बसणार, हा राज्याचा प्रश्न होता. राजाच्या पत्नीशी संबंध ठेवणं हा १३५२ च्या कायद्यापासून राजद्रोहच होता. हेन्रीला एकच मुलगा, तोही चार वर्षांचा. रात्री मागच्या जिन्यानं तरुण भेटतोय हे कळल्यावर कुठलाही सोळाव्या शतकातला राजा चवताळला असता. मान्य. पण मग खटला चालवायचा होता. ॲन बुलिनवर १५३६ मध्ये निदान नावापुरता तरी चालवला गेला. उमरावांपुढं उभं राहून तिला बोलता आलं. कॅथरीनला तेवढंही मिळालं नाही. संसदेत बिल ऑफ अटेन्डर आलं, म्हणजे न्यायालयाशिवाय संसदेनंच एखाद्याला दोषी ठरवण्याचा कायदा. लॉर्ड चॅन्सेलर ऑडलीनं उमरावांच्या सभागृहात सुचवलंही, की राणीला आपली बाजू मांडू द्यावी. त्यातून पुढं खटला काही उभा राहिला नाही. ११ फेब्रुवारीला राजाची मंजुरी मिळाली, तीही प्रतिनिधींमार्फत, म्हणजे ते सगळं पुन्हा कानावर पडून महाराजांना क्लेश नकोत. दोन दिवसांनी सकाळी ती मेली.

याच कायद्यात पुढच्यांसाठीही एक कलम होतं. पूर्वी कोणाशी संबंध आलेल्या स्त्रीनं ते न सांगता राजाशी लग्न केलं, तर तो राजद्रोह. जाणून गप्प बसणारेही गुन्हेगार. पवित्र रोमन सम्राटाचा राजदूत शाप्वी यानं खवचटपणे लिहिलं की आता दरबारात या मानाला पात्र अशा बायका फारशा उरणार नाहीत. राजानं पुढची बायको निवडली ती दोनदा विधवा झालेली. तिच्याबाबतीत काही जाहीर करायचा प्रश्नच नव्हता.

लेडी रॉचफर्ड टॉवरमध्ये वेडी झाली होती. वेड्या माणसाला मृत्युदंड देता येत नव्हता. तेव्हा त्याच अधिवेशनात आणखी एक कायदा: राजद्रोही वेडा झाला तरी त्याला शिक्षा देता येईल. तिला कॅथरीनच्या मागोमाग त्याच ओंडक्यावर नेलं. पुढं हेन्रीची मुलगी मेरी राणी झाली, तिच्या काळात हा कायदा रद्द झाला. ट्यूडरांच्या, म्हणजे हेन्रीच्या घराण्याच्या, कारभाराबद्दल बोलताना लोक फाशांचा आकडा सांगतात. मला त्याहून भयंकर वाटतो तो हा कायदेशीर टापटिपीचा सोस. माणूस मारायचाय, नियम आडवा येतोय, मग नियम बदला. बेकायदा काहीही करायचं नाही.

आणि घरचे? डचेसनं डेरहमच्या पेट्या फोडून कागदपत्रं नाहीशी करायचा प्रयत्न केला, स्वतःची मान वाचवण्यासाठी. चुलत्यानं राजाला पत्र लिहून आपल्या घरातल्या दोन मुलींच्या निंद्य कृत्यांबद्दल लाज व्यक्त केली. इंग्रजीत दोघींना एकच शब्द. मराठीत सांगायचं तर एक भाची, ॲन, आणि एक पुतणी, कॅथरीन. दोघींना पुढं सरकवताना तो होता. दोघींनाही खाली ढकलताना तो मागं सरला.

गेल्या काही वर्षांत वारं फिरलंय. आता कॅथरीनला शोषित मुलगी म्हणून पाहतात, आणि मॅनॉक्सच्या बाबतीत ते निर्विवाद बरोबर आहे. पण तिथं न थांबता काही जण कल्पेपरच्या रात्रीही धुऊन काढतात. तो तिला धमकावत असावा, ती घाबरून भेटत असावी, वगैरे. असेलही. पण ते पत्र वाचून मला तसं वाटत नाही. ती त्याच्यात गुंतली होती. तिनं ते स्वतःच्या बुद्धीनं केलं आणि ते मूर्खपणाचं होतं, जीवघेण्या मूर्खपणाचं. विशीतल्या माणसांच्या हातून असले मूर्खपणे होतात. आपल्याला सहानुभूती दाखवता यावी म्हणून तिच्याकडून तिचा हा एवढा एक निर्णयही काढून घ्यायचा, हे मला पटत नाही. कारण यामागंही अट तीच आहे: निर्दोष असलीस तर रडू तुझ्यासाठी. देलारोशनं जेनला पांढरे कपडे चढवले, आपण कॅथरीनला चढवतोय. तिनं सगळं केलं असं धरलं, प्रत्येक आरोप खरा मानला, तरी १५४२ चा कायदा होता तितकाच नीच राहतो. माझा मुद्दा तिथं उभा आहे, तिच्या शीलावर नाही.

जेनवर तरी हा न्याय झाला का? तीही काही गरीब गाय नव्हती. ग्रीकमध्ये प्लेटो वाचणारी, धर्मावर हट्टानं वाद घालणारी, नवऱ्याला राजा करायला ठाम नकार देणारी पोर. पण तिच्यापाठी एक पंथ होता, ज्याला हुतात्मा हवा होता. ॲन बुलिनपाठी मुलगी होती, एलिझाबेथ, जी पुढं ४४ वर्षं राज्य करणार होती. कॅथरीनपाठी ना पंथ ना मूल. मेलेल्या बाईची अब्रू राखायलाही कोणाचा तरी स्वार्थ लागतो.

हे आपल्याला परकं वाटू नये. १८७२ मध्ये इंग्रजांनी इथं साक्षीपुराव्याचा कायदा केला, त्याच्या १५५ व्या कलमात एक पोटकलम होतं: बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री एकंदरीत अनैतिक चारित्र्याची आहे, असं दाखवून देता येईल. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडताना तिला शरीरसंबंधांची सवय होती, या गोष्टीला वजन दिलं. उच्च न्यायालयानं ठरवलेला दोष १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुसला. देशभर संताप झाला, १९८३ मध्ये कायदा बदलला. पण ते पोटकलम काढायला २००२ चा शेवट उजाडला. लॅसेल्सची बहीण जे बोलली, तेच आपल्या कायद्याच्या पुस्तकात १३० वर्षं छापलेलं होतं.

कॅथरीननं मरणाच्या आदल्या संध्याकाळी ओंडका कोठडीत मागवून घेतला आणि त्यावर मान कशी ठेवायची याचा सराव केला. ‘मी राणी म्हणून मरते, पण कल्पेपरची बायको म्हणून मेले असते तर बरं’ हे तिच्या तोंडी घातलेलं वाक्य बनावट आहे. तिथं हजर असलेल्या एका व्यापाऱ्यानं भावाला लिहिलेल्या पत्रात तसलं काही नाही. बायका धीरानं आणि धर्माला शोभेल अशा मेल्या, एवढंच तो सांगतो. तिला टॉवरमधल्याच चर्चमध्ये, आतेबहीण ॲनजवळ पुरलं. १८७६ मध्ये दुरुस्तीसाठी तिथली जमीन उकरली तेव्हा तिची हाडं सापडली नाहीत.

हेन्री मॅनॉक्सचीही चौकशी झाली होती. त्यानं सगळं सांगितलं, शिकवणी कशी चालायची तेही. डेरहम मेला, कल्पेपर मेला, लेडी रॉचफर्ड मेली. संगीतशिक्षकाला सोडून दिलं. राणी लहान असताना त्यानं जे केलं, त्याला तेव्हाच्या कुठल्या कायद्यात नावच नव्हतं. आणि त्या अधिवेशनात एवढे नवे कायदे झाले, त्यात त्याच्यासाठी एकही नव्हता.